ओल्या वावरात पळता येत नाही

“आई, एका मिनिटासाठी मरशीन का?”

तोंड माझं होतं, पण प्रश्न नितेशचा. तो आणि प्राजक्ता स्वयंपाकघराच्या दाराबाहेर एकमेकांना कोपरं मारत उभे होते. प्राजक्ताच्या हातात मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. नितेश म्हणाला होता, “विचारून दाखव. तुह्यात हिंमतच नाई.” मागच्या वर्षापर्यंत ती खरंच नव्हती. आठवीत मी प्रार्थनेनंतर सुविचार सांगायला उभी राहिले आणि सुविचार न सांगताच खाली बसले, हे अख्ख्या शाळेला पाठ आहे. नववीत मात्र मला आवाज फुटला, आणि तो कुठे थांबवायचा हे अजून जमलेलं नाही. म्हणून विचारलं.

आईने मागे वळूनही पाहिलं नाही.

“आत्ता? भाकर तव्यावर हाये.”

“भाकर झाल्यावर.”

“कशी मरू? बसून का निजून?”

एवढं ऐकल्यावर नितेशला राहवेना. तो आत शिरला. “काकू, फक्त आवाज पाहिजे. रानडुक्कर येते, तुमाले धडक देते, तुमी पडता. मंग मरता मरता म्हनता, ‘पोरी, माझा बदला घे!’ आन् डोळे मिटता. डोळे नाई मिटले तरी चालीन.”

“डुकराचा बदला?” आईने भाकर उलटली. “त्याले काय समजते बाप्पा बदला? त्याले हरभरा खायचा असते.”

प्राजक्ता दाराबाहेर इतकी हसली की ते सगळं रेकॉर्ड झालं आणि पुसावं लागलं.

सांगते नीट. आमची शाळा अमरावतीत, आणि स्पर्धा अकोल्यात. शाळेतल्या मुलांनी तिघांच्या गटात स्वतः अॅक्शन गेम बनवायचा. पहिला येईल त्या गटाला मे महिन्यात पंधरा दिवस पुण्यात, खऱ्या गेम बनवणाऱ्या कंपनीत बसून तोच गेम पूर्ण करायची संधी. मला तिथे जायचं होतं. इथे हे वाक्य साधं दिसतंय, पण तेव्हा मी ते रोज दात घासताना आरशाकडे पाहून म्हणत होते. कामाची वाटणी अशी: कोड माझा, चित्रं प्राजक्ताची, गोष्ट आणि आवाज नितेशचे. गोष्ट नितेशकडे दिली, तिथेच आमचं चुकलं.

नितेशच्या मामेभावाकडे मोठ्या टीव्हीवर खेळायचे सगळे गेम आहेत. तीन रविवार त्याने आम्हाला तिथे नेऊन बसवलं. “रिअलिझम पाह्य!” तो दर दोन मिनिटांनी ओरडायचा. पाहिला. हिरोच्या दाढीतला केस न् केस वाऱ्यावर वेगळा हलतो. बंदुकीवर पावसाचा थेंब पडतो, ओघळतो, खाली टपकतो. मान्य, भारी आहे. मग हिरोला चार गोळ्या लागल्या. तो एका भिंतीमागे उकिडवा बसला, पाच सेकंद धापा टाकल्या आणि उठून पळायला लागला.

“हे काय?” मी विचारलं.

“हेल्थ भरली त्याची.”

“बसून?”

“तू मधात बोलू नको वं.”

दाढीचा केस खरा आणि जखम खोटी! चार गोळ्या खाल्लेला माणूस बर्फात, वाळवंटात, गटारात एकाच वेगाने धावतो. त्याला तहान लागत नाही. त्याचा बूट ओला झाला तर तो काढून झटकत नाही. आणि प्रत्येक गेममध्ये कोणीतरी आधीच मरून ठेवलेलं असतं. दोनांत बायको, एकात मुलगी, एकात दोघी, तीनांत भाऊ, एकात कुत्रा. कुत्र्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण मरायच्या आधी तो निदान थोडा खेळला तरी. बायकांना तेवढाही वेळ मिळत नाही. त्या उन्हात हसतात, हिरो त्यांच्याकडे पाहतो, आणि धाड. मी नऊ गेम मोजले, आठांत मरण. नवव्यात हिरोची आठवण गेलेली होती. शेवटी त्याला आठवलं, की आपली बायको मेली आहे.

“इमोशन पाहिजे ना,” नितेश म्हणाला. “आई मेल्याबिगर खेळनाऱ्याले राग कसा येईन?”

“राग आला म्हणजेच इमोशन का?”

“मंग काय, भूक?”

प्राजक्ताचे वडील वकील आहेत, त्यामुळे तिला दोन्ही बाजू पटतात. ती म्हणाली, “आई मरू दे, पण वेगळ्या पद्धतीने मरू दे. म्हणजे ओरिजिनल होईल.”

म्हणून रानडुक्कर आलं. ते मात्र मी सुचवलं होतं. का सुचवलं, हे या दोघांना मी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, मी सहावीत असताना, आम्ही गावी गेलो होतो. आमचं वावर अंजनगाव सुर्जीच्या पुढे आहे. बाबा निम्मा आठवडा तिथे असतात आणि निम्मा अमरावतीत, माझ्या शिक्षणासाठी घेतलेल्या भाड्याच्या घरात. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडून गेला होता. तूर कापून नेलेली, शेजारच्या तुकड्यात हरभरा उभा. आई पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होती आणि मी रस्त्याच्या बाजूला, मध्ये आमचं दोन एकर. हरभऱ्यातून डुक्कर निघालं, आईला धडक देऊन पुढे गेलं. मी पाहिलं ते एवढंच, की उभी असलेली आई आता उभी नव्हती.

मी पळाले.

काळी माती ओली असताना ज्याने तिच्यात पाय ठेवला नाही, त्याला हे सांगता येत नाही. दुसऱ्या पावलाला चप्पल जड होते. चौथ्या पावलाला प्रत्येक पायाखाली एकेक वीट बांधल्यासारखं होतं. सातव्या पावलाला पाय वर येतो आणि चप्पल येत नाही. मी रडत होते, पडत होते, उठत होते, आणि पलीकडून आई ओरडत होती. तिला वाचवा म्हणून नाही. ती ओरडत होती, “चप्पल काढ! अवं, चप्पल काढ!” मला ते डोक्यात शिरायलाच वेळ लागला. काढली, तर पाय थोडे हलके झाले, पण तुरीची धसकटं राहिली होती, कापल्यावर जमिनीत उरतात ते टोकदार खुंट. त्यातलं एक तळव्यात गेलं. दोन एकर ओलांडायला मला चार मिनिटं लागली, असं नंतर बाबांनी हिशेब करून सांगितलं. मला तर पूर्ण दुपार वाटली होती.

आईच्या मांडीला बावीस टाके पडले. अजूनही ती खाली बसली की डावा पाय लांब करून बसते. घरात या गोष्टीचा विनोद झाला आहे. पाहुणे आले की आई सांगते, “मले डुकरानं पाडलं आन् हिनं नवी चप्पल हरवली.” सगळे हसतात. मीही हसते. याच्यापलीकडे आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही.

तर भाकरी झाल्या. आई डावा पाय लांब करून बसली, मोबाईल तोंडासमोर धरला आणि मरायला लागली. अकरा वेळा मेली. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा कुकरची शिट्टी झाली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “पोरी, माझा बदला घे, आन् गॅस बंद कर.” चौथ्यांदा नितेशने सांगितलं की काकू, थोडं दुःखी. त्यावर आई म्हणाली, “अरे, मानूस पडल्यावर असं भाषन देते का? दम नसते त्याच्यात. समोर पोरगी दिसून राहिली तं तो तिले काही कामाचं सांगीन.”

“कामाचं म्हणजे काय, काकू?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

“काहीबी. पाय सांभाळ. इकून ये. तिकून नको येऊ.”

त्या आठवड्यात मी कोड बदलला. कोणालाही न विचारता. आई मरेना. ती धुऱ्यावर पडून राहते, आणि मुलीने ओलं वावर ओलांडून तिच्यापर्यंत पोचायचं. हातात गोफण. डुकरं येतात, गोफणीने हाकलायची, दगड वेचायला वाकायचं. आणि प्रत्येक पावलाला चिखलाचं वजन वाढत जातं. थांबून काडीने पाय खरवडले तर वजन कमी होतं, पण तेवढ्यात डुक्कर जवळ येतं. चप्पल काढली तर वेग वाढतो, पण धसकटं टोचतात. गेमचं नाव ठेवलं ‘वावर’.

नितेशने पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याने कीबोर्डवर मूठ आपटली. “हे काय करून ठेवलं तू? पोट्टी चालूनच नाई राहिली!”

“चिखल आहे.”

“गेम हाये का शिक्षा हाये?”

“तुला रिअलिझम पाहिजे होता ना?”

“दिसनारा रिअलिझम पाहिजे व्हता! हा तं पायाले लागून राहिला!”

प्राजक्ता शांतपणे खेळत होती. चौथ्या वेळेला ती मुलगी धुऱ्यापर्यंत पोचली, तेव्हा प्राजक्ताने खुर्चीवरून पाय वर घेतले, जणू तिचेच भरले होते. “मला तर आवडला,” ती म्हणाली. “पण मातीचा रंग मला जमलेला नाही. फार तपकिरी झालाय.”

दोन विरुद्ध एक. नितेश धुसफुसत तयार झाला. आणि पहिल्या फेरीतून आम्ही निवडले गेलो! त्या दिवशी त्याने ‘मी म्हनलंच व्हतं’ असं सगळ्या वर्गाला सांगितलं. काय म्हटलं होतं, हे कोणी विचारलं नाही, नशीब त्याचं.

अकोल्याला आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. आम्ही तिघं, शाळेच्या मॅडम, आणि माझे आईबाबा. आईबाबा कशाला, असं मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, “मंग काय, तू पुण्याले जाशीन तं आमी पेपरात वाचायचं का?” म्हणजे त्यांचं ठरलंच होतं. बसमध्ये त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं, की पोरगी गेम बनवते. कंडक्टर म्हणाला, आमचं पोट्टं दिवसभर खेळते, बनवत काही नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाच गट होते. परीक्षक पुण्याहून आलेले गौरांग सर. वय तिशीचं, अंगात टी-शर्ट, बोलणं एकदम गोड. सकाळी ते प्रत्येकाचा गेम खेळणार, सूचना देणार, मग दोन तास दुरुस्तीला, आणि दुपारी सभागृहात सगळ्यांसमोर अंतिम सादरीकरण. आमच्या आधीचे तीन गेम मी पाहिले. पहिल्यात हिरोचा भाऊ मेला होता. दुसऱ्यात हिरोचं गाव. तिसऱ्यात सगळी पृथ्वी. माझा जीव वैतागला, पण आतून बरंही वाटलं: आपला वेगळा आहे.

सरांनी आमचा गेम सुरू केला. मुलगी पाच पावलं चालली. सहावं पाऊल जड पडलं.

“इथे बग आहे का?” सरांनी विचारलं.

“नाही सर, चिखल आहे.”

“हो, पण तिचा स्पीड ड्रॉप होतोय.”

“चिखल आहे, सर.”

ते हसले. वाईट नव्हते हसले. पुढे खेळले, दोनदा डुकराने पाडलं, तिसऱ्यांदा अर्ध्यातच सोडलं. “हे बघ, आकांक्षा. कल्पना फ्रेश आहे. गोफण तर फारच सुंदर. पण आज प्लेअरकडे तीस सेकंद असतात. तेवढ्यात मजा आली नाही तर तो गेम डिलीट करतो. हा चिखल त्याला फ्रस्ट्रेट करतो.”

“मीही झाले होते,” मी म्हणाले.

“काय?”

“काही नाही, सर. तुम्ही कधी पावसानंतर काळ्या मातीत चाललात का?”

नितेशने माझ्या पायावर पाय दिला. सर अजूनही हसत होते. “नाही चाललो. आणि आपले नव्वद टक्के प्लेअरही चाललेले नाहीत. त्यांना चिखल दिसू दे, अडवू नको. आणि दुसरं. आई मरत नाही. मग त्यांनी पळायचं कशासाठी? इमोशनल हुक कुठे आहे? आई गेली तर राग येईल, रागाने ते पळतील. विचार करा. दोन तास आहेत.”

पळायचं कशासाठी! मी तोंड उघडलं, आणि वर्षभर कोणाचंही न ऐकणाऱ्या माझ्या तोंडातून काहीच निघालं नाही. उत्तर मला माहीत आहे असं वाटत होतं, पण बोलायला गेले तर सापडेना. आठवीतला सुविचार झाला पुन्हा.

“ऐकलं?” बाहेर व्हरांड्यात नितेश म्हणाला. तो ओरडत नव्हता, हेच वाईट होतं. “आकांक्षा, माह्या जिद्दीचं सोड. ते सर सोता सांगून राहिले. पुन्याले जायचं का नाई?”

“प्राजक्ता, तू सांग.”

“मला चिखल आवडतो,” प्राजक्ता म्हणाली, “आणि मला पुण्यालाही जायचंय.”

मलाही जायचं होतं. मी कोणावर ढकलणार नाही. त्यांनी माझा हात धरला नव्हता. मी कॉम्प्युटरसमोर बसले, चिखलाच्या वजनाची ओळ उघडली आणि आकड्याच्या जागी शून्य लिहिलं. अकरा सेकंदांचं काम. तीन आठवडे मी तो आकडा जमवत होते, घराच्या गच्चीवर कुंडीतली माती ओली करून, चपलेला थापून, बाबांच्या काट्यावर मोजून. शून्य लिहिल्याबरोबर मुलगी सुसाट पळाली. काय पळाली! वाऱ्यासारखी. चिखल उडत होता, सुंदर दिसत होता, एक कणही तिच्या पायाला लागत नव्हता.

आईला मारायला मात्र वेळ लागला. खऱ्या आईला सभागृहातून बोलवायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून प्राजक्ताने जिन्याखाली जाऊन आवाज दिला. “पोरी, माझा बदला घे!” पहिल्याच वेळी इतका छान आला की वरून कोणीतरी पळत विचारायला आलं, काय झालं.

दुपारी सभागृह भरलं होतं. मोठ्या पडद्यावर ‘वावर’ सुरू झाला. आई उन्हात हसली. डुक्कर आलं. धाड. “पोरी, माझा बदला घे!” नितेशने खालून संगीत वाढवलं. पुढच्या रांगेत एका बाईने डोळ्याला पदर लावला, हे मी स्वतः पाहिलं. मग मुलगी सुटली, गोफण गरगर फिरली, डुकरं आडवी पडली, पोरांनी बाकं बडवली. गौरांग सर मान डोलवत होते.

मी तिसऱ्या रांगेत पाहिलं. बाबा मोबाईलवर शूटिंग करत होते. आई पडद्याकडे पाहत होती. जत्रेत दुसऱ्याच्या पोराचा नाच पाहावा, तशी. बरं आहे, छान आहे, आपलं नाही.

पहिला नंबर आम्हाला मिळाला.

नितेशने मला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही पडलो. प्राजक्ता रडली. बाबांनी गौरांग सरांचा हात इतका वेळ धरून ठेवला की सरांनी शेवटी डाव्या हाताने पुढच्याला प्रमाणपत्र दिलं. मी हसत होते. तोंड दुखेपर्यंत. आणि तरी मला स्वतःचाच राग येत होता, कशाचा ते सापडत नव्हतं. जिंकलीस ना? मग आता काय?

परतीच्या बसमध्ये मॅडम आणि ते दोघं पुढे बसले, आम्ही मागे. बोरगाव मंजू गेलं तरी बाबांचे फोन चालूच होते. “हो हो, पयला! अकोल्याले! पुन्याले जाते मे महिन्यात!” मामा झाले, काका झाले, मग ज्यांच्याशी दोन वर्षं बोलणं नाही ते आत्यांचे यजमानही झाले.

आई खिडकीशी होती. पाय लांब करायला जागा नव्हती, म्हणून तिने तो तिरपा माझ्या पायांवर टाकला होता.

“आवडला का गेम?” मी विचारलं. एवढा वेळ विचारलं नव्हतं.

“चांगला झाला.”

“आई.”

“चांगलाच झाला म्हनलं ना.” मग ती म्हणाली, “माझं मरनं चाललं मले. टीव्हीत रोजच मरतेत बाया. पन तू एवढी झटकन नव्हती आली.”

मी तिच्याकडे वळले.

“लोकं मले म्हनते, डुकराचं भेव वाटलं असीन तुले. डुक्कर तं निघून गेलं व्हतं. मी तुले पाहून राहिली व्हती. एक पाय काढे, दुसरा फसे. पडे, उठे. मी पावलं मोजून राहिली व्हती तुही. डोळे मिटून राहिले व्हते माहे, पन म्हनलं, थांब, अजून चार टाकू दे तिले. मंग अजून चार.” तिने खिडकीची काच थोडी सरकवली. “तू पटकन आली असती, तं मी कशाच्या भरवशावर जागी राहिली असती?”

बसचा आवाज मोठा होता. बाबा दुसऱ्या कोणाला तरी ‘पयला’ सांगत होते.

“हे आधी काहून नाही सांगितलं?” माझा आवाज चढला. समोरच्या सीटवरच्या काकांनी वळून पाहिलं. “तीन वर्षं चप्पल-चप्पल करून हसवून राहिली सगळ्यांले!”

“रडून सांगितलं असतं तं तू रडली असती. त्याच्यात काय फायदा?”

मला इतका राग आला, की तो कोणावर काढायचा ते समजेना. आईवर, गौरांग सरांवर, त्या नऊ गेमच्या नऊ हिरोंवर. पळायचं कशासाठी, म्हणे! पलीकडे कोणीतरी पावलं मोजत जागं आहे म्हणून! हे उत्तर माझ्याच कोडमध्ये होतं. तीन आठवडे मी ते एकेका आकड्याने जमवलं होतं, आणि ज्या दिवशी कामाला यायचं, त्याच दिवशी मी तिथे शून्य लिहिलं.

मूर्तिजापूरला बस थांबली. लोक चहाला उतरले. मी पुढे गेले. नितेश कचोरी खात होता.

“मला चिखल परत टाकायचा आहे,” मी म्हणाले. “आणि आई जिवंत ठेवायची आहे. मी आज सरांना कळवणार.”

नितेशच्या तोंडातली कचोरी तिथेच थांबली. “पागल झाली का? त्याच गेमले नंबर भेटला! आन् बदलला कोनं? तू! आमी हात धरला व्हता का तुहा?”

“नाही. मीच बदलला.”

“मंग?”

“मंग चुकलं माझं.”

“तुहं चुकलं, आन् भोगाचं आमी?”

यावर मला भांडता येईना, कारण त्याचं बरोबर होतं. पोरगा वर्षातून एकदा बरोबर असतो आणि तो दिवस नेमका आजचा. मी म्हणाले, “तुम्ही जा. पळणारा गेम तुमचा. गोष्ट तुझीच होती. माझं नाव काढा त्याच्यातून, मी सरांना तसंच सांगीन. कोड आहे तसा घेऊन जा.”

“कोडचं आमाले काय समजते?”

“आपल्या वर्गातल्या ईशानला घ्या. त्याला येतं.”

“ईशानले?” नितेशने कचोरीचा कागद चुरगळला. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मला वाटलं आता शिवी देणार. “थो ईशान तं माह्या डोक्यात जाते,” तो म्हणाला. मग म्हणाला, “पाहतो. मॅडमले तूच सांग.”

मॅडमनी एका बाजूला घेऊन सगळं ऐकलं. उद्या शांत डोक्याने बोलू म्हणाल्या, मी म्हटलं उद्याही हेच असेल. प्राजक्ता एवढा वेळ काही बोलली नव्हती. ती बसच्या पायरीवर मला आडवी आली. “चित्रं माझी आहेत.”

“माहीत आहे. तू म्हणशील तर मी नवीन काढीन.”

“तुझी चित्रं मी पाहिली आहेत. डुक्कर म्हणजे सोफा वाटतो.” तिने नाक ओढलं. “मी पुण्याला जाणार. पण माझी माती तूही घे. तपकिरी कमी करून पाठवते.”

बस निघाली. मी जागेवर येऊन बसले नाही. वरच्या दांडीला धरून उभी राहिले, कारण बसून बोलले असते तर बाबांनी पाठीवर हात ठेवला असता आणि मग मला जमलं नसतं.

“बाबा, फोन ठेवा.”

“एक मिनिट बेटा, धामणगावचे मामा हायेत.”

“त्यांनाही ऐकू द्या.”

बाबांनी फोन कानापासून दूर केला. बंद नाही केला. आईने तिरपा पाय खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“मी पुण्याला जाणार नाही,” मी म्हणाले. आवाज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत गेला असावा. “नितेश आणि प्राजक्ता जातील. आज दाखवला त्या गेममधून मी माझं नाव काढतेय, मॅडमला सांगितलंय, सरांना आज मी स्वतः सांगणार. मे महिन्यात मी गावी राहणार, वावरात पाणी सोडून रोज मोजणार आणि माझा गेम माझ्या वेगाने पूर्ण करणार. दहावीच्या क्लासची सुट्टीतली बॅच मी लावणार नाही, जूनपासून लावीन, आणि मार्क कमी पडले तर मला बोला, आईला नाही. तुम्ही ज्यांना ज्यांना फोन केले, त्यांची नावं द्या बाबा. मी सगळ्यांना परत फोन करून सांगते.”